मच्छीची डॉक्टर

ठाण्याला आता खाडीची गरज नाही. इथून पुढे ठाण्याला मासळी पंढरी भोईर खाऊ घालणार. ही घोषणा खुद्द पंढरीशेटनीच केली होती, पुतण्याच्या हळदीत, डीजे थांबवून. आज बाळकुमला दोन टॉवरांच्या मधल्या त्यांच्या टाकीत ठाण्याची ती भावी मासळी पोट वर करून तरंगत होती.

वर्तकनगरहून डॉक्टर दर्शना आल्या होत्या. माशांच्या डॉक्टर. त्यांनी जाळीने एक पंगस मासा उचलला. पोटाखाली लाल चट्टे, पर झिजलेले. शेजारी पंढरीशेट ऐटीत उभे. डावा हात कमरेवर, उजवा बर्म्युड्याच्या खिशात. चेहरा मात्र पांढराफटक.

“वाचतील ना मॅडम?”

“जंतूंचा आजार आहे. गेले ते गेले, उरलेले वाचतील. खाण्यातून औषध द्या. बरे दिसले म्हणून मध्येच बंद करायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत एकही मासा विकायचा नाही, खायचा नाही.”

पंढरीशेट मटकन खाली बसले. जिवात जीव आला होता. घाम मात्र थांबेना.

“आता ह्यांना बघ,” मागून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणाल्या.

“काकू, मी माशांची डॉक्टर.”

“म्हनून तर बोलावली तुला. मानसांच्या डॉक्टरकडं हे येतच नाय. मी इथून हललो तं मासली मरंल, म्हनतात.”

लक्ष्मीबाईंनी मनगट धरून तो खिशातला हात बाहेर ओढला. तळवा भाकरीसारखा टम्म फुगला होता. लाल रेघ कोपरापर्यंत चढली होती.

दर्शनांच्या हातातली जाळी पाण्यात पडली.

“हे कशानं?”

पंढरीशेट हात परत खिशात कोंबू लागले.

“पंगसाचा काटा,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “परवा पकडाया गेलते.”

“काका, बहुतेक तेच जंतू. आता वर चढतायत. रिक्षा बोलवा, आत्ता! उशीर झाला तर हात जाईल. नुसता हात गेला तर नशीब म्हणायचं.”

रिक्षात पंढरीशेट थंडी वाजल्यासारखे कापत होते. शेजारी दर्शना हॉस्पिटलला फोन लावत होत्या. पंढरीशेटनी डाव्या हाताने त्यांची बाही ओढली.

“पोरी, मी जगन का मरन ते मागनं सांग. पन तिथं माझा म्हेवना वॉर्डबॉय हाय. मासलीनं टोचलं बोलू नको. म्हशीनं तुडवलं सांग.”