शेजारचं हसू

आमच्या रत्नागिरीच्या कॉल सेंटरला नवा हॉल जोडला. एवढ्या पोरांचं मुंबईला जाणं टळलं म्हणून आम्ही पेढे वाटले.

माझ्या शेजारची खुर्ची अजून रिकामी होती, वरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. तरी फोनवरचं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, तुमच्या बाजूला कोण हो एवढं गोड हसतंय?"

"तिलाही नोकरी देऊन टाका!" सगळे मला चिडवायचे.

सोमवारी हेदवीची मनस्विनी त्या खुर्चीवर रुजू झाली. पहिल्या पगारात आईला काय काय घ्यायचं ते सांगताना ती खळखळून हसू लागली. अख्खा हॉल वळून बघत होता.

तेवढ्यात रोज फोन करणाऱ्या काकू लाइनवर आल्या.

"शमिका, आज तुझ्या बाजूला कोणीच नाही वाटतं?"