मसाल्याचा टेम्पो

विश्रामने मसाल्याच्या टेम्पोला दोन्ही बाजूंनी जाहिरातीचं मोठं स्टिकर मारून घेतलं होतं. त्यावर बायकोचा, गौरजाचा, हसरा फोटो आणि तिचाच मोबाईल नंबर. एक दिवस त्या नंबरवर गिऱ्हाईकाचा फोन आला.

"वैनी, तुमचो टेम्पो दर आठवड्याक वैभववाडीच्या बाजारात उभो असता. मसालो मागलो तर तुमचो घोव म्हणता, हंय इकूचो नाय!"

टेम्पो बाजारात उभा करून इथे मसाला विकायचा नाही म्हणतो? आणि विश्राम तर कणकवलीला जातो म्हणून सांगायचा. गौरजाच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या बाजाराला ती कुणाला न सांगता एसटीने वैभववाडीत उतरली. विश्राम टपरीवर मुद्दाम पाठ फिरवून चहा पीत होता.

&nbsp;

पळून जाऊन लग्न केलं म्हणून तिचं तोंडही पाहायचं नाही म्हणणारे तिचे बाबा, टेम्पोपाशी उभे राहून तिच्या फोटोवरची धूळ पंचाने पुसत होते.