सुटं कपाट

धाकट्या लेकीच्या लग्नात द्यायचं कपाट ठरवायला अर्जुनराव देहूरोडच्या चांदभाई सुतारांकडे आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघराचा उजेड नव्हता. चांदभाईंनी जुन्या सागवानाचं, सांध्यासांध्यांत कायमचं जखडलेलं कपाट दाखवलं. "हे घ्या, राव. नातवंडं वापरतील. विकायला काढलंत तरी किंमत उतरायची नाही."

अर्जुनरावांनी त्या लाकडावरून हात फिरवला. "लाकूड हेच असू द्या. पण खुंट्या काढल्या की फळ्या सुट्या व्हाव्यात, असं करून द्या."

चांदभाई हसले. "असलं कपाट छावणीतले गोरे साहेब मागायचे. त्यांची सारखी बदली व्हायची. तुमची लेक काय बदलीवर चाललीय?"

अर्जुनरावांनी पायाशी साचलेला भुसा चपलेनं बाजूला सारला.

"थोरलीला अखंडच दिलं होतं, चांदभाई. तिच्या सासरी नव्या खोलीला चौकट बसण्याआधीच ते आत नेऊन ठेवलं. पुढे लेक माघारी आली. कपाट काही त्या चौकटीतून निघेना." त्यांचा आवाज थकून खाली आला. "अजून नव्यासारखं आहे म्हणतात. त्यात आता तिच्या सवतीच्या साड्या असतात."