नाताळचा बाबाजी

नव्व्याण्णव सालच्या नाताळात देवळीच्या हेमराजनं आपल्या कापड दुकानाच्या जाहिरातीसाठी लाल झगा अन् कापसाची दाढी चढवली, आणि पोतंभर चॉकलेटं घेऊन घंटी वाजवत तो गल्लीत शिरला. पहिल्याच दारात मनकर्णाबाई सूपभर जवारी घेऊन उभी!

"अवो, मी द्यायले आलो, मांगायले नाई!"

"दारात आलेल्या बाबाजीले रिकामं नाई धाडत आमी," म्हणत तिनं जवारी पोत्यात ओतलीसुद्धा. मग काय, घरोघरी तेच. चॉकलेटं तळाशी गडप झाली अन् खांदा भरून आला.

पोतं रिकामं करायला तो घरी गेला, तर त्याची मायच त्याला न ओळखता पाया पडली.

"बाबाजी, माह्या हेमराजले बुद्धी द्या. दुकान सोडून सकाळपासून कुठं उंडारून राह्यला, कोन जाणे!"

हेमराजनं आवाज बदलून आशीर्वाद दिला अन् मागच्या गल्लीनं मुकाट्यानं दुकान गाठलं.

 

तेव्हापासून दर नाताळाला माय जवारी पाखडून दारात वाट पाहते, म्हणते, "त्या बाबाजीचा लगेच गुण आला!"