मुठीतला दगड

प्राणिसंग्रहालयात चिंपांझींची देखभाल करणारी ती, बघायला आलेल्यांना एक गंमत आवर्जून सांगायची. दांडगा नर केस फुलवून, हातात दगड घेऊन डोलायला लागला, की कळपातली म्हातारी मादी हळूच त्याच्याजवळ जायची, मूठ उघडायची आणि दगड काढून घ्यायची. "घरोघरी मातीच्या चुली!" असं ती म्हणाली, की सगळे खो खो हसायचे.

त्या संध्याकाळी जेवण गार झालं म्हणून नवऱ्याचा आवाज चढला. त्याची बोटं काचेच्या जड ग्लासाभोवती आवळली, तशी ती भिंतीला चिकटली. सासूबाई मान खाली घालून घास चिवडत राहिल्या. तेवढ्यात पाच वर्षांची लेक खुर्चीवरून उतरली, बापाजवळ गेली, त्याचं एकेक बोट सोडवून ग्लास काढून घेतला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

तिनं मागोमाग जाऊन लेकीला पोटाशी धरलं. "अगं, भीती नाही वाटली तुला?"

 

"वाटते ना. पण आजीचे हात आता कापतात, म्हणून तिनं मला शिकवलंय."