सुई उचलू नको

"आयकलंस? ही झाली नक्कल. आता असल आयक," असं म्हणत बाबलीने पिशवीतून दुसरी तबकडी काढली.

गोव्यातल्या चोपडे गावच्या त्या घरात गेलं वर्षभर ती नक्कलच वाजत होती. विलायतेतले चार केसाळ पोरगे ढोल बडवत, टाळ्या पिटत अडीच मिनिटांत गाणं उरकून मोकळे व्हायचे. तबकडीही सगुणने आणलेली आणि वाजवायचं यंत्रही त्यानेच. तो मुरगावच्या धक्क्यावर कारकून, खनिजाच्या बोटी भरल्या की नोंद करणारा. बाबली त्याचा शाळासोबती, जहाजावर तारवटी. सुट्टीवर आला होता आणि दूरदेशीचं काहीतरी दाखवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

"म्हणजे ह्या गाणा त्या पोरांचा न्हय?" सगुणने विचारलं.

"छट्! एका अमेरिकन काळ्या बायलेचा. पोरांनी उचलला फक्त. तू कधी आयकूक नाय?"

"कधीच नाय. माका काय म्हायत, ह्याका आवस आसा म्हणान!"

गाण्यालाही आई असते, या कल्पनेवर दोघेही खो खो हसले. सगुणची बायको सुमंगला दारापाशी विळीवर चहाबरोबरचे उंडे पाव कापत होती, ती हसली नाही. हल्ली नवऱ्याच्या प्रत्येक 'नाय'वर तिच्या मनात पाल चुकचुकायची. पूर्वी तो दर शनिवारी फेरीबोटीने घरी यायचा, आता तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नव्हता. बोट आली, जादा काम निघालं, साहेबाने सोडलं नाही, कारणं तयार. बरं, तेही एक वेळ पटलं असतं. पण त्याचे शर्ट धुवायचे तिलाच. प्रत्येक शर्टाच्या डाव्या खांद्यावर एक पांढुरका डाग. 'धूळ गे धक्क्यावरची,' तो म्हणाला होता. मुरगावची धूळ तांबडी असते, हे चोपड्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

बाबलीने सुई टेकवली.

तेच गाणं, पण काय सांगावं! ढोल नाही, टाळ्या नाहीत. एक पियानो आणि एक बाई. ती प्रत्येक शब्द हळू सोडत होती, पोर झोपलं का बघून पाळण्याची दोरी सोडावी तशी. सुमंगलाला इंग्रजी कळत नव्हतं, पण देवळात भजनाला बसणारा कान होता. नकलेतली पोरं काहीतरी मागायला आली होती, आणि घाईत होती. ही बाई वाट बघत होती. सुमंगलाचे हात विळीवर तसेच राहिले. आपण ही नक्कल इतके दिवस गोड मानून घेतली, याचा तिला उगीचच राग आला.

गाणं संपलं. खोलीत नुसती खरखर. बाबलीने हात पुढे केला.

"थांब, सुई उचलू नको," सगुण म्हणाला. "अजून आसा."

आणि खरंच, चांगले चार-पाच श्वास गेल्यावर बाई पुन्हा सुरू झाली. आता शब्द नव्हते, नुसतं गुणगुणणं.

बाबली त्याच्याकडे बघतच राहिला. "पयल्या खेपेक मीय फसलंय रे! तुका कसा कळला?"

"अंदाज," सगुण म्हणाला. "असाच आपलो अंदाज."

सुमंगलाने वर पाहिलं. सगुणने नजर चुकवली आणि उगाच तबकडीचं वेष्टन उलटसुलट केलं. कुणीतरी हे गाणं त्याला ऐकवलं होतं. एकदा नव्हे, त्यातलं थांबणंसुद्धा पाठ होईपर्यंत. कोण असेल ती?

एवढ्यात कोपऱ्यात वाकळीवर निजलेलं बाळ किंचाळलं. सगुणची धाकटी बहीण सत्यवती बाळंतपण आटोपून अजून माहेरीच होती, ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. सकाळीच तिने भावाला म्हटलं होतं, 'दादा, भाच्याक जरा घे मरे,' आणि तो दोन पावलं मागे सरला होता. 'नको गे, मान-बिन मोडात त्याची. माका खंय जमता?' सुमंगलाला तेव्हा त्याची दयाच आली होती. लग्नाला आठ वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. बिचाऱ्याला पोर धरायची सवय तरी कुठून असणार?

आता मात्र सगुण उठला. विचार करायला त्याला वेळच मिळाला नसावा. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, अलगद उचललं आणि डाव्या खांद्यावर टाकलं. पाठीवर हळूहळू थोपटत तो खोलीत फेऱ्या घालू लागला. तबकडीतल्या बाईबरोबर तोही तेच गुणगुणत होता, एक सूरही न चुकता. बाळ शांत झालं, ढेकर देऊन त्याने खांद्यावर दूध ओकलं. सगुणने न बघताच खिशातून रुमाल काढून ते टिपलं आणि थोपटणं चालू ठेवलं.

सत्यवती ओल्या हातांनी धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. "अगे बाय माझे! दादा, तुका ह्या कधीपासून येऊक लागला?"

सुमंगलाने विळी आडवी केली. पदराला हात पुसले.

"किती म्हयने झाले?" तिने विचारलं.

"पाच संपले गो वहिनी," सत्यवती हसत म्हणाली. "विसारलंस?"

"तुका नाय विचारलंय, सत्यवती."

बाळाच्या पाठीवरचा हात थांबला.