मधली जागा

आपल्या पोराला, ल्यूकला, मैदानाच्या मधोमध उभं केलेलं बघितलं आणि रेने पेल्तिएच्या डोक्यात तिडीकच गेली. अख्ख्या सडबरीत पोरगा गोल मारणारा म्हणून ओळखला जात होता. आणि आज टोरोंटोच्या फुटबॉल अकादमीची निवड. इथं नाव लागलं तर पोराचं सोनं, नाही तर पुन्हा गावातल्याच पोरांशी धक्काबुक्की.

पोरांच्या जागा बदलायचा हा रोग रेनेला ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी गावच्या क्लबात आईनो तुओमिनेन नावाची कोच होती. दिवसा शाळेची बस चालवायची, संध्याकाळी पोरं खेळवायची. तिचा एकच हट्ट: कुणाला कायमची जागा नाही. आज पुढं, उद्या मागं, परवा गोलात. नऊ वर्षांचं पोर काय होणार हे त्याच्या बापालाही कळत नसतं, म्हणायची. एका शनिवारी ल्यूकनं दोन गोल मारले, तर हिनं त्याला उचलून मधे टाकला, आणि संघ हरला. तेव्हापासून रेनेनं तिचं नाव ‘संगीतखुर्ची’ ठेवलं. नाव असं चिकटलं की पोरंसुद्धा पाठीमागं तेच म्हणायला लागली. क्लबाच्या वार्षिक सभेत रेनेनं आधी सगळ्यांना डोनट चारले, मग तिला काढायला हात वर करायला लावले. बाई गेली. वाद घातला नाही, रडली नाही. जाताना सगळ्या बॉलमधे हवा भरून ठेवून गेली.

मग ल्यूक पुढंच. इतरांपेक्षा वीतभर उंच होता, बॉल डोक्यावर आला की गोल. घरातलं फडताळ जिंकलेल्या कपांनी भरलं. अकादमीचं बोलावणं आलं तेव्हा रेनेनं ते पत्र डोनटच्या दुकानात चार वेळा मोठ्यानं वाचलं. यंदा बाकीची पोरंही ताडासारखी वाढली होती, हे त्यानं बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं, एवढंच.

बाहेर बर्फ पडत होतं. आत, हवेनं फुगवलेल्या छताखाली, ल्यूकच्या पायाशी बॉल आला. डावीकडं त्याचे दोन गडी मोकळे होते. त्याला दिसलेच नाहीत. तो लांबचा गोल बघत राहिला, तेवढ्यात बॉल गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा पोरानं बापाकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते रेनेला कळलं नसावं. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला, पुढं जा, तुझ्या जागेवर जा.

ल्यूक आज्ञाधारक पोर. गेला. मागं मधली जागा उघडी पडली, आणि त्या भोकातनं समोरच्यांनी सरळ चालत येऊन गोल मारला.

नावं वाचली. ल्यूकचं नव्हतं. पोरगा बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता, मान खाली. रेनेनं निवड करणाऱ्या डेस्मंडला दारातच गाठलं.

“माझ्या पोराला चुकीच्या जागी उभं करून वाटोळं केलंत तुम्ही. पुढं ठेवला असता तर चार गोल मारून दाखवले असते.”

“मारले असते की,” डेस्मंड म्हणाला. “पण पुढं खेळणारी पोरं आमच्याकडं पोत्यानं पडलीत हो. त्यासाठी तुमच्या गावातनं कुणालाच बोलावलं नव्हतं.”

“मग याला कशाला बोलावलंत? आमची चेष्टा करायला?”

डेस्मंडनं जॅकेटची चेन वर ओढली. आवाज जरा खाली आणला, बाकावरच्या पोराला ऐकू जाऊ नये म्हणून.

“तुमच्याकडची एक बाई आहे, शाळेची बस चालवते. तीन हिवाळे झाले, मला फोन करत्ये. म्हणायची, नऊ वर्षांचा असताना ल्यूक पेल्तिएला मी मधे खेळताना बघितलंय, असा पोरगा आयुष्यात दुसरा दिसला नाही, त्याला एकदा फक्त तिथं उभं करून बघा. म्हटलं, एवढं म्हणत्ये तर बघावं. बघितलं.”